च राहिला

देगलूरच्या पाहुण्यांना सोमवारी दुपारच्या आत उत्तर कळवायचं होतं, आणि शिवगंगा शनिवारपासून एकच गाणं पुन्हा पुन्हा बघून राहिली होती.

गाणं कार्टूनच्या पिक्चरमधलं. त्यात खरी माणसं नव्हती, सगळी काढलेली. पिक्चर हैदराबादेत तयार झालेला, आणि त्यांच्याच गल्लीतल्या चंद्रप्पा पेंटरचा पोरगा भीमाशंकर तिथं कामाला. चंद्रप्पानं शनिवारी अख्ख्या गल्लीला फोन दाखवला. पिक्चरच्या शेवटी नावांची लांबलचक यादी वर सरकत जाते, तिच्यात बारीक इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव होतं. शिवगंगानं नाव वाचलं. नावापुढं काय लिहिलंय ते वाचायच्या आत यादी वर निघून गेली.

"ह्यातलं प्रेमाचं गाणं त्याच्याकडंच होतं म्हणं," चंद्रप्पा म्हणाला. "मला तर काय बोलला न्हाई. पर गाणं बघा म्हणला."

बघा म्हणाला. कुणाला म्हणाला? बापाला, का गल्लीला, का अजून कुणाला?

तशी देगलूरच्या स्थळात नाव ठेवायला जागा नव्हती. बसवंत नाव. बियाण्यांचं दुकान, घरची शेती, बोलायला मऊ. बघायला आला तेव्हा त्यानं शिवगंगाला एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या गल्लीत टँकर किती दिवसांनी येतो?"

"आठव्या दिवशी."

"आमच्या बोअरला अजून पाणी हाय," तो हळूच म्हणाला, आणि लाजला.

त्या वाक्यावर अव्वाचा जीव बसला. महादेवी, म्हणजे शिवगंगाची आई, त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. अप्पा, म्हणजे वडील गुरुपादप्पा, फारसं बोलले नाहीत. त्यांचं किराणा दुकान, मोजकं बोलायची सवय. "पोरीला विचार. हाव म्हणली तर हाव," एवढंच म्हणून ते दुकानात निघून गेले.

आता पोरीनं काय म्हणावं?

इथं घागरींचं सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं नाही. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी उदगीरच्या ह्या गल्लीनं टँकरच्या ओळीसाठी एक कायदा केला. माणसानं उन्हात उभं राहायचं नाही, घागरीनं राहायचं. घागर उभी असली तर तिचा नंबर चालू. आडवी असली तर मालकीण कुठंतरी गेलीय, येणार आहे, मागचीनं नंबर धरायचा. आणि पालथी असली तर नंबर सोडला, खुशाल पुढं सरका. हा कायदा कुणी लिहिला नाही आणि कुणी मोडला नाही. नवी सून आली की तिला देवघर दाखवायच्या आधी हे सांगायचे.

त्याच वर्षी नव्या जिल्ह्याचीही हवा होती. उदगीर जिल्हा होणार, एक मेला होणार, न्हाई तर पंधरा ऑगस्टला नक्की. भिंती रंगवायचं काम चंद्रप्पाकडं आलं, आणि त्याचा खांदा दुखत होता म्हणून भीमाशंकर शिडीवर चढला. टँकरच्या ओळीसमोरचीच भिंत. ओळीत शिवगंगा. भीमाशंकरनं भगव्या रंगात हातभर उंचीची अक्षरं काढली, 'उदगीर जिल्हा झाला', आणि भिंत संपली. पुढं शिवप्पाच्या हॉटेलची खिडकी. भीमाशंकर शिडीवरनं उतरून डोकं खाजवत उभा राहिला.

तेवढ्यात शिवप्पा बाहेर आला. भिंत वाचली. "झाला? जिल्हा झाला?" म्हणत आत पळाला आणि गल्लीला चहा वाटायला लागला. कुणीतरी दोन फटाके लावले. अण्णाराव मास्तरांनी टोपी काढून सूर्याला नमस्कार केला. ओळीतल्या बायांनी घागरी सोडून एकमेकींना साखर भरवली. आणि शिवगंगा हसून हसून वाकलेली, ओरडत होती, "अरे, च राहिला! भीमा, च राहिला तुझा!"

मग त्यानं खालच्या ओळीत एकटा भला मोठा च काढला, आणि त्याच्याखाली 'पाहिजे'. शिवप्पानं चहाचा कप परत मागितला. तेव्हापासून गल्लीत भीमाशंकरला सगळे 'च' म्हणूनच हाका मारायचे. जिल्हा काही झाला नाही. च तेवढा राहिला.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याला हैदराबादची नोकरी लागली. निघायच्या दिवशी टँकर यायचा होता. गाडीची वेळ झाली, तरी टँकर आला नव्हता. पाठीवर पिशवी अडकवून तो ओळीपाशी आला, शिवगंगाच्या घागरीमागं आपली घागर ठेवली. आडवी. तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार असं तोंड केलं, आणि स्टेशनकडं निघून गेला.

तिनं नंबर धरला. टँकर आल्यावर त्याची घागर भरून चंद्रप्पाच्या दारात नेऊन ठेवली. पण मनातली घागर आडवीच राहिली, तीन वर्षं. दोनदा तो दिवाळीला आला. "कसं हाय?" "बरं हाय." ह्यापलीकडं गोष्ट गेली नाही. तिनं आलेली दोन स्थळं परतवली. एकाला उंचीचं कारण दिलं, एकाला दातांचं. खरं कारण तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आडव्या घागरीचं कारण कुणाला सांगणार?

आणि आता हे गाणं.

रविवारी दुपारी तिनं ते मल्लम्मा आत्याला दाखवलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. जात्यावरच्या गाण्यांची तिच्याकडं पोतडी भरलेली, अर्थ लावण्यात तिचा हात कुणी धरत नसे. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला.

"अगं, हिला नाक कुठाय?"

"कार्टून हाय आत्या. दोन ठिपके म्हणजे नाक."

"बरं. अन् डोळे मात्र बशीएवढे. चालू दे."

गाण्यातली पोरगी सुकलेल्या गावातनं चाललेली. सगळं पिवळं, भुरकट. ती पाऊल उचलते तिथं गवत उगवतं, दुसरं पाऊल टाकेपर्यंत पहिलं वाळून जातं. समोरनं पोरगा येतो. त्याचा सदरा निळा, आणि त्या निळ्यात बारीक मासे पोहत असतात. पोरीच्या हातातल्या बांगड्या एकेक करून हिरव्या होत जातात. मागं आवाज:

*तू आलास तर पाऊस, न आलास तर ऊन,*
*माझ्या अंगणात ठेवून जा रे एक तरी खूण.*

"गाणं बरं हाय," आत्या म्हणाली. "पावलाखालचं गवत म्हणजे तिचं मन. उगवतंय अन् वाळतंय. मासे म्हणजे... मासे म्हणजे काय गं? आपण तर खात बी न्हाई."

"मला काय म्हाईत. तुम्हीच सांगा."

"पाणी असंल. त्याच्याजवळ पाणी हाय, हिच्याजवळ न्हाई. मग देगलूरचाच की हा!"

"आत्या!"

"बरं बरं. पुढं बघू दे."

पुढं विहीर येते. विहिरीच्या काठावर दोन घागरी, एक तिची, एक त्याची. आभाळ भरून येतं, दोघं हात धरून पळत चित्राबाहेर जातात, आणि शेवटी नुसता काठ राहतो. त्यावर तिची घागर उभी. त्याची पालथी.

आत्यानं चष्मा काढला. गल्लीतलीच होती ती, तिला अर्थ सांगायची गरज नव्हती. फोन शिवगंगाच्या हातात देऊन तिनं पदर सारखा केला, आणि गाऊ का नको अशा आवाजात म्हणाली,

*सांगून गेला न्हाई, सांगाया काय होतं?*
*आडव्या घागरीत बाई, ऊन येतं, ऊन जातं.*

म्हणजे आत्याला ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं! शिवगंगाला रडू यावं का राग यावा ते कळेना. हैदराबादेत बसून ह्या माणसानं तीन वर्षांनी उत्तर पाठवलं होतं, तेही साऱ्या जगाला दाखवून. नंबर सोडला. पुढं सरका. पण मग 'गाणं बघा' का म्हणाला? सोडायचंच होतं तर दोघं हातात हात घालून कशाला पळाले? हिरव्या बांगड्या कशाला? तिनं गाणं पुन्हा लावलं. पालथीच. फोन उलटा धरून बघितला. तरी पालथीच, फक्त आता तिची.

सोमवारी सकाळी ओळ लागली. टँकर दहाला यायचा. अव्वा दारात उभी राहून दर थोड्या वेळानं विचारत होती, "काय कळवू गं त्यांना? दुपार होऊन राहिली." आणि अजून दहाही वाजले नव्हते. शिवगंगानं घागर उभी केली, समोरच्या भिंतीच्या सावलीत गेली आणि चंद्रप्पाकडनं घेतलेला भीमाशंकरचा फोन नंबर लावला.

"हॅलो? कोण?"

"शिवगंगा."

तिकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "हां. हां, बोल की. कसं हाय?"

"बरं न्हाई. ती घागर पालथी का ठेवलीस?"

"कुठली घागर?"

"गाण्यातली! विहिरीवरची! त्याची!"

तो म्हणाला, "अगं, घागर माझ्याकडं न्हाई. घागरी काढणारी पोरगी वेगळी. इकडचीच हाय, तिला टँकरची ओळ काय ठाऊक? एक उभी, एक पालथी चांगली दिसती म्हणली. मी सांगितलं तिला, आमच्याकडं ह्याचा अर्थ वंगाळ होतो म्हणून. तर म्हणली, तुमच्याकडं पिक्चर किती लोक बघणार?"

"मग गवत?"

"ते दुसऱ्याचं."

"मासे? बांगड्या?"

"मासे एका बंगाली पोराचे. बांगड्या कुणाच्या ते बघावं लागंल."

शिवगंगा भिंतीला टेकली. दोन दिवस जे वाचून ती हैराण झाली होती, त्यातलं एक अक्षरही त्याचं नव्हतं. "मग तुझं काय हाय त्या गाण्यात?"

"भिंती."

"काय?"

"भिंती. घरं, कंपाउंड, सगळ्या भिंती माझ्या. पेंटरचा पोरगा म्हणून त्याच देतात मला." आणि मग, "तू भिंती न्हाई बघितल्या?"

भिंती कोण बघतं? पोरगा-पोरगी नाचत असताना भिंत बघायची असते हे तिला कुणी सांगितलं होतं? "ठेव," ती म्हणाली. गाणं लावलं. बोटानं मागंपुढं करत, थांबवत. बांगड्या हिरव्या होतात तिथं पोरीच्या मागं मातीची एक भिंत होती. पोपडे निघालेली, जुन्या रंगाचे ओघळ. त्यावर कधीकाळी काही लिहिलेलं असावं, ते सगळं पुसलेलं. फक्त खालच्या बाजूला, भगवा, एकटा, भला मोठा च.

पोरगी त्याच्यासमोरनं जाते तेव्हा तो तिच्या खांद्यामागं दोन सेकंद दिसतो. एवढाच.

तिनं मान वळवली. खरी भिंत पाठीशीच होती. त्या भिंतीवर आता सिमेंटची जाहिरात.

पुन्हा फोन लावला. "च कशाचा?"

"बघितलास?" त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला.

"कशाचा च? नुसता च लावून काय होतं? त्याला कशाला तरी चिकटावं लागतं! येणारच, का विसरलोच, का मरच तिकडं, काय समजू मी?"

"मला वाटलं तुला कळंल."

"मला काय बी कळून न्हाई राहिलं! जाताना घागर आडवी ठेवून गेलास. तीन वर्षं मी..." तिचा आवाज बसला. "ती तरी का ठेवली होतीस?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण भीमाशंकरला ते जमत नसे. "आमच्या अप्पांसाठी गं. अप्पांचा खांदा दुखायचा ना. त्यांना पाणी मिळावं म्हणून."

ओळीत एक घागर कुणीतरी पुढं सरकवली. भांड्यावर भांडं आपटलं. शिवगंगाला हसू आलं. म्हणजे खूण नव्हतीच. जी खूण समजली ती खूण नव्हती, जी खूण नव्हती तिच्यावर तिनं दोन रात्री घालवल्या, आणि जी खरी खूण होती तिला शब्दच नव्हता.

"मग मी तीन वर्षं काय धरून बसले रे?"

तिकडनं अगदी हळू, "नंबर." आणि घाईघाईनं, "धरलायस का अजून? आमचे अप्पा म्हणत होते देगलूरचं... मी इचारणारच होतो. दिवाळीला दोन्ही टायमाला इचारणार होतो. तू बरं हाय म्हणलीस की मला पुढचं सुचायचंच न्हाई. शिवे, धर. मी येऊन अप्पांना, तुझ्या अप्पांना, भेटतो. ह्या रविवारी येतो..."

त्याच वेळी कोपऱ्यावर टँकरनं हॉर्न दिला. लांबलचक, गल्ली भरून टाकणारा. बाया धावल्या, पाइप ओढला गेला, फोनमधला आवाज त्यात बुडाला. येतो म्हणाला, का येतोच म्हणाला? शेवटी काहीतरी होतं खरं. श्वास होता, का अक्षर होतं? "काय म्हणलास?" ती ओरडली. फोन कटला होता.

"शिवगंगा!" अव्वा दारातनं. "नंबर आला तुझा! अन् त्यांना काय कळवू ते सांग एकदाचं!"

शिवगंगानं घागर पाइपाखाली धरली. पाणी आत पडायला लागलं, आधी रिकाम्याचा आवाज, मग भरत्याचा. ती त्या आवाजाकडं कान देऊन उभी राहिली, जणू राहिलेलं अक्षर त्यातच सापडणार होतं. सापडलं नाही. घागर काठोकाठ झाली.

"न्हाई म्हणून कळव अव्वा."

महादेवी पायरी उतरून जवळ आली. बोअरचं पाणी तिच्या डोळ्यांसमोरनं वाहून चाललं होतं. "नीट इचार कर. न्हाई का?"

शिवगंगानं घागर उचलून कमरेवर घेतली. थोडं पाणी सांडलं, पायांवर, मातीवर.

"न्हाईच," ती म्हणाली.