चुकीचा रकाना

चष्मेकाकांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं क्लबात सगळे म्हणायचे. बेकरीच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या त्या बुद्धिबळ क्लबाचं रेटिंग गेली अकरा वर्षं तेच काढत होते. डावांच्या निकालाच्या चिठ्ठ्या डब्यात पडायच्या, आणि सोमवारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की काका फ्रेमा बाजूला सारून वही उघडायचे. एवढा विश्वास खरं तर कुणावर टाकू नये. टाकला की माणसाला तो पेलावा लागतो.

त्या दुपारी क्लबातली नर्सबाई ड्युटी संपवून थेट दुकानात आली. काका पुसून झालेलंच भिंग पुन्हा पुसत होते, कारण ती येताना त्यांना काचेतून दिसली होती.

"काका, रेटिंग कसं काढतात ते शिकवा मला," ती स्टुलावर बसत म्हणाली. "सामना तर झाला. पुढच्या वेळी किती कमी पडतंय ते आधी कळायला हवं."

काकांनी भिंग खाली ठेवलं. सामन्याला क्लबातर्फे चौघे जायचे. तीन नावं ठरलेली. चौथी जागा उरलेल्यांत ज्याचं रेटिंग जास्त, त्याची. वहीत काका पंधराशे आठ, नर्सबाई पंधराशे पाच. तीन गुणांनी काका गेले आणि एकोणिसाव्या चालीला वजीर घालवून, हरून आले. आता शिकवत नाही म्हणायला तोंड कुठलं?

"सोपं आहे," ते म्हणाले. "दोघांच्या रेटिंगमधला फरक काढायचा. त्या फरकावरून हे कोष्टक सांगतं, कुणाकडून किती अपेक्षा आहे. जिंकलं तर एक, बरोबरी झाली तर अर्धा, हरलं तर शून्य. मिळालं त्यातून अपेक्षा वजा करायची, उरेल त्याला विसाने गुणायचं. तेवढं रेटिंग वाढतं, नाहीतर उतरतं."

"म्हणजे बलाढ्य माणसाला हरवलं की जास्त मिळतात."

"मिळणारच. त्याची अपेक्षा नव्हती ना."

"मग पोस्टमास्तरांना हरवलेला माझा डाव घेऊ."

"दुसरा एखादा घे की."

"छे, तोच. जन्मात एकदा जिंकलेय त्यांच्याशी."

पोस्टमास्तर सतराशे, ती पंधराशे. फरक दोनशे. कोष्टकात दोनशेपुढे दोन रकाने होते: डावा वरचढ खेळाडूचा, त्यात शून्य पूर्णांक शहात्तर, उजवा कमी रेटिंगवाल्याचा, त्यात शून्य पूर्णांक चोवीस. नर्सबाईने बरोब्बर उजव्यावर बोट ठेवलं. एकातून चोवीस शतांश गेले, शहात्तर उरले, गुणिले वीस. "पंधरा," ती म्हणाली, आणि मग वहीत पाहिलं. वहीत पाच होते.

काकांनी सामन्याआधीच्या सोमवारी डावा रकाना धरला होता. तोवर ती साधी चूक होती, देवाशपथ. पण मंगळवारी पुन्हा वही चाळताना ती त्यांच्या डोळ्यांत खुपली. पंधरा धरले तर नर्सबाई पंधराशे पंधरा, आणि बुधवारी नावं द्यायची होती. काकांनी वही मिटली. पोरीपुढे अख्खं आयुष्य आहे, आपली ही शेवटचीच खेप, असं त्यांनी मनाला सांगितलं. अशी कारणं पटवून घ्यायला मन कधी पगार मागत नाही.

"तुम्ही पाच लिहिलेत," नर्सबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय."

तिने आपलं उत्तर खोडरबराने खोडलं, पुन्हा मांडलं. पुन्हा पंधरा. पुन्हा खोडलं.

"पहिल्यापासून ढ आहे मी गणितात. औषधाचे डोस मात्र तीनतीनदा मोजते, घाबरू नका."

कागद फाटायला आला होता. 'होतं असं कधी कधी' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि म्हणायला काकांनी तोंड उघडलंही होतं. त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे. रकाना मी चुकीचा धरला."

ती हसली. "दिव्याखाली अंधार. चष्मेवाल्यालाच दिसेना. असू दे हो काका."

इथेही थांबता आलं असतं.

"मला मंगळवारी कळलं होतं," काका काउंटरकडे बघत म्हणाले. "नावं द्यायच्या आदल्या दिवशी."

तिचं हसू हळूहळू उतरलं.

"रजा काढून सामना बघायला आले होते मी," ती म्हणाली. "परतीच्या बसमध्ये दोन तास तुमची समजूत काढत बसले होते. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं काकांना झालं.

तिने वही मिटून पिशवीत टाकली. "रकान्याचं मी सांगते क्लबात. मंगळवारचं तुमचं तुम्ही सांगा."

क्लब सहाला भरायचा. काकांनी दुकान बंद केलं, बेकरीपर्यंत गेले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहिले. वरून तिचा आवाज येत होता. काकांची नजर चुकली, वय झालं त्यांचं, कुणी काही बोलू नका, असं ती सगळ्यांना सांगत होती.

काकांनी कठडा धरला आणि वर चढायला लागले.