शालनबाईंचं शून्य

शालनबाईंची लघवी यंत्राने शून्य धरली आणि त्या दिवसापासून शालनबाई जगातून वजा होऊ लागल्या.

चूक त्यांचीच. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या रुग्णांच्या लघवीतला खवटपणा मोजत. अंगातली चरबी आतल्या आत खवट होते, तिचा अंश लघवीत उतरतो. त्यात औषध घालून उकळलं की गुलाबी रंग चढतो. जितका गडद, तितका खवटपणा जास्त. मोजण्याआधी यंत्राला शुद्ध पाणी दाखवून शून्य शिकवावं लागतं. त्या दिवशी शुद्ध पाणी संपलेलं. नळाचं लावण्यापेक्षा आपली काय वाईट, असं बाईंना वाटलं. घाण्याचं ताजं तेल खाणारी बाई. आपल्यात कसला आलाय खवटपणा! गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगाच नाही.

सोमवारी त्यांची सावली गेली. मंगळवारी हजेरीपटातलं नाव. बुधवारी रिक्षात एक गृहस्थ सरळ त्यांच्या मांडीवर बसले आणि पेपर वाचू लागले. इथवर बाईंनी सोसलं. पण गुरुवारी अकरा वर्षांची केतकी शाळेतून आली ती फक्त कमरेखालची सावली घेऊन. लेक निम्मी आईची. तेवढी वजा होणारच. रात्रभर बाई तिचा हात चाचपत बसल्या.

सकाळी लेकीला घेऊनच त्यांनी प्रयोगशाळा गाठली.

"सर, शून्य बदला!"

प्रयोगशाळेचे प्रमुख कारखानीस सरांनी आवाजाच्या अंदाजाने मान वळवली. "शालनबाई का? पाणी लावून बघितलं मी. यंत्र घेत नाही. त्याला आता माणसाची चटक लागलीय."

"मग तुमची द्या."

"मला शुगर आहे हो. रीडिंग बिघडतील."

शिपाई म्हणाला, "आत्ताच जाऊन आलो." शिकाऊ डॉक्टरांनी तर पाठच फिरवली. शालनबाईंना सगळ्यांचा असा संताप आला की रडू फुटलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही. आता आवाजही वजा झाला होता.

एवढ्यात केतकी बाथरूममधून आली. हातात बाटली, बाटलीवर वळणदार अक्षरात स्वतःचं नाव. "आई, माझी चालेल का? मग तू दिसशील."

"नको गं, सोने! ओतून दे ती!" शालनबाई झेपावल्या. त्यांचा हात बाटलीतून आरपार गेला.

"गुणाची पोर," सर म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.