अमावास्येची मोजदाद

बायकोला, इंदुमतीला, जाऊन चार महिने झाले, आणि बांधकाम खात्यानं अच्युतला पुन्हा देपालपूरच्या रस्त्यावर गाड्या मोजायला बसवलं. रस्ता रुंद करायचा, मोटारींना वेगळी वाट द्यायची, असं वर चाललं होतं. मागच्या वर्षीही तेच चाललं होतं. तेव्हा अच्युतनं दिवसभर बसून एकशे चाळीस बैलगाड्या लिहिल्या आणि एवढ्याशा वाहतुकीला आहे तो रस्ता पुरे, म्हणून कागद परत आला.

आज दुपारीच पाचशे झाल्या.

"मागे कोणत्या दिवशी बसला होता, बाबूजी?" मालोजी चपराशानं विचारलं. तो देपालपूरकडचाच.

अच्युतनं वही उघडून तारीख सांगितली. मालोजीनं बोटांवर हिशेब केला.

"अमावस होती, भिया. अमावसेला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. त्यांनाही छुट्टी लागते, सरकारी बाबूंसारखी." तो हसला. अच्युतचा चेहरा पाहून रस्त्याकडे वळला.

इंदुमती बाळंतपणाला याच रस्त्यावरच्या माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा वस्तीतल्या लक्ष्मण टांगेवाल्याचा टांगा तिला घेऊन इस्पितळाकडे निघाला आणि धान्याच्या गाड्यांमागे दीड तास अडकला. बाजूनं काढायला जागाच नव्हती. ती टांग्यातच गेली. बाळही गेलं. तिच्या वडिलांनी, अप्पासाहेबांनी, सगळा दोष लक्ष्मणवर ठेवला. त्यांच्या शब्दाखातर वस्तीतलं कोणी त्याच्या टांग्यात बसेना.

संध्याकाळी अच्युत सासऱ्यांकडे गेला. उभ्या उभ्याच त्यानं अमावास्येच्या मोजणीचं सगळं सांगितलं. मोजणी खरी झाली असती तर रस्ता तेव्हाच मंजूर झाला असता, हेही सांगितलं.



"तुम्ही पुण्याकडचे, अच्युतराव. शेती कधी पाहिली नाहीत," अप्पासाहेब म्हणाले. "पण इंदू इथं वाढलेली. तिला विचारायचं होतंत."

"विचारावं लागलं नाही. मी त्या मोजणीला निघताना तीच म्हणाली होती, आज अमावास्या आहे, उद्या जा. मला वाटलं, अपशकुनाचं म्हणतेय. मी हसलो."

अप्पासाहेबांनी टोपी घातली, काठी घेतली.

"कुठं निघालात?"

"लक्ष्मणकडे."

"मी येतो."

"नको," अप्पासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला. अच्युतनं हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही.