मॅनेजरच्या दारातली झोळी

कन्नडच्या आमच्या बँकेला कोणी नावं ठेवली की माझं टाळकं फिरतं. अहो, आडतीच्या दुकानामागं एका खोलीत जन्मली ती, आन् बघता बघता स्वतःचं दगडी हेड ऑफिस बांधून बसली! आता शहरातल्या मोठ्या बँकेनं तिला पोटात घेतलंय. त्यांना वर पांढरं गुळगुळीत छत पायजे, म्हणून आमच्या कड्या कापायच्या म्हणे.

कड्यांचं सांगते. इमारतीचं काम चाललं होतं तवा आम्ही भाजीवाल्या बाया अडून बसलो. बँकेत यायचं तर तान्ही लेकरं कुठं ठेवायची? झोळीसाठी छताला दोन कड्या बसवा. चेअरमन म्हणाले, बसवा मागच्या पडवीत. पण बन्सी मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला, आन् कड्या आल्या थेट मॅनेजरच्या दारासमोर. चेअरमन लई तापले. पण स्लॅब पडला होता, आता करता काय?

झोळी तिथंच बांधली. सायबाकडं जायचं तर ती सारावीच लागायची, आन् सारली की झोका बसायचा. पुढं पुढं तशी रीतच पडली. झोका दिल्याबिगर कोणी आत जायचं नाय, मग तो गंगापूरचा बागायतदार असो नायतर खुद्द चेअरमन. बाजारच्या दिवशी पंख्याची घरघर, शिक्क्यांची ठपठप, माणसांचा कालवा, आन् मधोमध लेकरू गाढ झोपलेलं. माझा इंद्रजीत घरी डोळा मिटायचा नाय, तिथं निवांत झोपायचा. मी गार फरशीवर बसून ऊन खिडकीतून सरकताना बघायची. कधी कधी वाटायचं, ही इमारतच हळू हळू झुलती आहे.

आता इंद्रजीतचं पोरगं बापाच्या वरताण निघालं. रात्रंदिवस टाहो. इंद्रजीत वाळूजला कंपनीत, त्याच्या शिफ्टा. सगळं मोनालीच्या अंगावर. माझी सून मोठी हसरी हो, पण डोळे पार खोल गेले तिचे. काल सकाळी तिनं पिशवी भरली.

"आई, मी संभाजीनगरला जाते, गारखेड्यात माहेरी. परत कधी येईन ते नका विचारू."

भांडून म्हणाली असती तर मीही भांडले असते. अगदी हळू म्हणाली.

"जा बाई," म्हणलं. "जीप बँकेसमोरनंच सुटती. भरंस्तोवर बाळाला एकदा झोळीत टाकू. तेवढं माझं ऐक."

आत गेलो तर कृष्णा नावाचा कामगार कड्या कापायचं मशीन घेऊन शिडीवर चढलेला. टेबलं गेली, काउंटर गेला, नुसता रिकामा हॉल.

"उतर खाली!" मी ओरडले. "आधी माझा नातू झोपू दे, मग काप काय कापायचं ते!"

आवाज ऐकून मॅनेजर बद्रीनाथ साहेब बाहेर आले. वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कृष्णा, तू आधी डबा खाऊन घे," म्हणाले. भला माणूस!

मी घरून आणलेलं माझं जुनं लुगडं कड्यांना बांधलं, बाळाला निजवलं, झोका दिला. कशाचं काय! रडं काही थांबंना. मोनाली खांबाला टेकून खाली बसली, जीपच्या आवाजाकडं कान लावून.

"साहेब, एवढ्या शुकशुकाटात कोणतं लेकरू झोपंल?" मी म्हणलं. "इथं माणसं पायजेत. तुम्ही आत-बाहेर करा बरं."

साहेब झोका देऊन आत गेले, झोका देऊन बाहेर आले. रस्त्यावरची दगडाबाई फुलवाली डोकावली, तीही लागली मागं. दारातले पेन्शनवाले म्हातारे आले. कुणाचं आत काही काम नव्हतं, तरी सगळे जात होते, येत होते. चपला वाजायला लागल्या, बोलणी सुरू झाली. झोळी झुलत राहिली. ऊन फरशीवरून सरकत खांबापाशी आलं. हॉल पुन्हा भरल्यागत वाटायला लागला, आन् बाळ गप झालं.

मी हरखून वळले. "मोनाली, बघ ग!"

मोनाली झोपली होती. मान कलती, तोंड जरासं उघडं, पिशवी हातातून सुटलेली. ऊन तिच्या पावलांवर आलं होतं. बाळाच्या रड्यापायी मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

बाहेर जीपवाला ओरडत होता, "संभाजीनगर! चला संभाजीनगर!" मी जागची हलले नाय. जीप गेली.

कृष्णा हात पुसत आला. झोळीत वाकून बघितलं. "आजी, नातू तर टक्क जागा हाय. कापू का आता?"

"हळू बोल," मी म्हणलं. "माझी लेक झोपलीय."

त्यानं खांबाकडं बघितलं आन् मशीन खाली ठेवलं. मग पाय न वाजवता पायरीवर जाऊन बसला. जाता जाता त्यानं झोळीला एक झोका दिला.