मालकांचा सदरा

"जनावराला हात लावायच्या आधी आपलं नाव सांगावं, शालन. मुक्यानं लावलेला हात त्यास्नी चोराचा वाटतोय."

माहेरी, कोडोलीच्या गोठ्यात म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसलेली आई हे सांगायची. नाव सांगून झालं की गायला लागायची. चरवीच्या बुडाशी धार वाजायची आणि त्या वाजण्यावर ओवी चालायची:

सांज झाली गोठ्यामंदी, म्हस बघती वाटंला
सांग कुणाचा गं हात, आज तुझ्या कासंला

आईला जाऊन जमाना झाला होता. लग्न होऊन शालन कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आली, तेव्हापासून तिनं ओवी कधी तोंडात घेतली नव्हती. आज तो आवाज कानात आला तो भलत्याच वेळी. ती मागच्या अंगणात उभी होती आणि दोरीवर नवऱ्याचा सदरा वाळत होता. टपटप गळत होता.

"कुणी धुतला ह्यो?"

"मी, आई," सून म्हणाली. वर्षाराणी ओल्या हातानं चिमटे लावत होती. "किती मळला होता हो. दोनदा भिजवला तेव्हा पाणी निवळलं. पुण्याहून आणलेलं वासाचं लिक्विडपण घातलंय. चारचौघांत बसता तुम्ही, एवढ्या कळकट कपड्यात बरं दिसत नाही."

शालननं सदऱ्याची बाही हातात घेतली, नाकाशी नेली. मोगऱ्याचा वास आला. बाहीतून, गळ्यातून, काखेतून, सगळीकडून मोगराच. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा तो सदरा दोरीवर हलत होता.

"चुकलं का काही?" वर्षाराणीनं विचारलं. पोर मनानं चांगली होती. आल्यापासून भांडी घासत होती, कोपरे झाडत होती.

"न्हाई बाई. चांगला निघालाय," शालन म्हणाली आणि गोठ्यात जाऊन खाली बसली.

सदरा गुंडूआण्णांचा. मागल्या दिवाळीच्या तोंडावर ते गेले. सकाळची धार काढली, उंबऱ्यात बसून चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता कलंडले. दिवसभर घर माणसांनी भरलेलं होतं. संध्याकाळी गोठ्यात म्हैस हंबरायला लागली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव चांदणी. आण्णांच्या हाताशिवाय तिनं कुणाला सडाला हात लावू दिला नव्हता. शालन बायकांच्या घोळक्यातून उठून गोठ्यात गेली. चांदणी दाराकडं बघत होती. त्या नजरेला काहीतरी सांगणं भाग होतं.

"मालक गावाला गेल्यात," शालन म्हणाली. "येतील."

दुसरं काही सुचलंच नाही. लोकांना सांगायला भाऊबंद होते, फोन होते. म्हशीला सांगायला ती एकटी होती आणि तिनं ते सांगितलं नाही.

मग चांदणीनं दूध चोरलं, सडात उतरूच देईना. रेडकू उन्हाळ्यातच दगावलं होतं, त्यामुळं पान्हा सोडवायला तेही नव्हतं. गल्लीतल्या माणसांनी हात मारून पाहिले, लाथा खाल्ल्या. कास दगडासारखी टणक झाली. शेवटी शालननं खुंटीवरचा सदरा काढला, साडीवर चढवला, आण्णांचा टॉवेल डोक्याला बांधला आणि तोंडातून शब्द न काढता म्हशीखाली बसली. चांदणीनं मान वळवून सदरा हुंगला. पेंड, घाम, तंबाखू आणि आण्णा. जरा वेळानं सड भरले.

तेव्हापासून सदरा पाण्याला लागला नव्हता. उन्हात टाकायचा, झटकायचा, परत खुंटीला. रिकाम्या घरात कधी कधी शालन स्वतःच त्याच्यात तोंड घालून उभी राहायची. म्हशीला फसवायला काढलेला सदरा तिलाही फसवत होता आणि ते तिला कळत होतं.

पण त्याच सदऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. गंगावेशीत संध्याकाळी दुधाचा कट्टा भरतो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं, धार थेट ग्लासात पडते आणि फेस मोडायच्या आत दूध पोटात जातं. सगळा पुरुषांचा कारभार. इतकी वर्षं वैरण शालननं टाकली, शेण तिनं काढलं, म्हैस तिनं धुतली. पण दोन गल्ल्या पलीकडचा कट्टा तिला ठाऊक होता तो आण्णा परत आल्यावर काय सांगतील तेवढाच. आणि आण्णा फारसं बोलत नसत.

पहिल्या दिवशी ती चांदणीचं दावं धरून तिथं गेली, तेव्हा शेजारच्या जागेवरचा उदयसिंह मिशीवर हात फिरवत म्हणाला होता, "वैनी, ही तालमीच्या पोरांची जागा. बाईमाणूस बसलं तर गिऱ्हाईक लाजंल."

"लाजू द्या की. लाजून काय दूध कमी पीत न्हाईत."

उदयसिंह हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आपली म्हैस जरा सरकवून बांधली होती आणि भिंतीकडची सावलीची जागा मोकळी होती.

पन्नाशीला टेकलेली शालन अशी कट्ट्यावर बसायला लागली. दिवसभर घरात टीव्ही चालू ठेवायची, नुसता आवाज असावा म्हणून. जेवायला बसताना चुकून दोन ताटं काढायची आणि एक परत फळीवर ठेवायची. संध्याकाळी मात्र कुणी म्हणायचं, "वैनी, फेस जास्त घाला," कुणी म्हणायचं, "काल दिसला न्हाईसा, बरं न्हवतं काय?" तेवढीच बोलणी. ती घरी आणून शालन रात्रीच्या भाकरीबरोबर पुरवून पुरवून खायची.

आणि आता हे.

सदरा दोरीवर दिसण्याच्या आधी, दुपारी जेवताना, मुलाशी बोलणं झालं होतं. धैर्यशील पुण्यात नोकरीला. दोन दिवसांची रजा काढून आला होता, ती कशासाठी हे त्यानं आमटी भुरकता भुरकता सांगितलं.

"आई, गडमुडशिंगीचं पावणं उद्या सकाळी येणार हाईत. म्हस घेऊन जातील."

"मी कुठं व्हय म्हणलो?"

"न्हाय बी कुठं म्हणालीस? फोनवर इचारलं की गप बसतीस."

शालननं आमटीची वाटी त्याच्याकडं सारली.

"पुण्याला चल आमच्याकडं. तिथं लिफ्ट हाय, खाली बाग हाय. तुझ्या वयाच्या लई बायका हाईत. कशाला ह्या वयात शेणात हात घालायचा? उद्या म्हस लाथ मारंल, कोण हाय इथं तुला उचलायला?"

यातलं खोटं काहीच नव्हतं. ती ताटातल्या भाताला बोटानं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "आज कट्ट्यावर जाऊन येतो. म्हस दूध देती तवर ती माझी. न्हाई दिलं, तर उद्या तुझ्या पावण्याला दे. मी बी येतो मागनं, तू म्हणशील तिथं."

धैर्यशील खुशीत आला. "बघ हां. शब्द."

"शब्द."

चांदणी रोज दूध देत होती. शालनला वाटलं होतं, आजही देईल, मग शब्द द्यायला काय जातंय. तासाभरानं ती अंगणात आली आणि सदरा दोरीवर होता.

संध्याकाळी ती निघाली, तेव्हा सदरा जेमतेम वाळला होता. तोच घातला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. धैर्यशील मागून चालत आला, दोन हात अंतर ठेवून.

कट्टा भरला होता. भज्यांच्या गाड्यावर तेल तापलं होतं, रिक्षावाले ओरडत होते, तालमीतून आलेली पोरं ग्लास घेऊन उभी होती. शालन चांदणीखाली बसली. चांदणीनं मान वळवली, सदरा हुंगला आणि नाकपुड्या फेंदारून जोरात श्वास सोडला. मागचा पाय उचलून परत टेकवला. शालननं सडाला हात घातला. सड गार, रिकामे. तिनं कास चोळली, थोपटली, पेंडीची पाटी पुढं सारली. चांदणीनं पेंड खाल्ली. दूध मात्र वर ओढून धरलं.

"मावशी, हुईल न्हवं?" पहिल्या पोरानं विचारलं.

"थांब जरा."

पोरगं थांबलं, मग दुसऱ्या पायावर थांबलं, मग हळूच उदयसिंहाच्या म्हशीकडं सरकलं. त्याच्यामागून बाकीचे.

"काय झालं, वैनी?" उदयसिंहानं धार न थांबवता विचारलं.

"वास गेला."

"कसला?"

"मालकांचा. सदरा धुतला सुनंनं."

उदयसिंहाचा हात क्षणभर थांबला. भरलेला ग्लास त्यानं गिऱ्हाइकाला दिला, मग उकिडवाच तिच्याकडं सरकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "सुई मिळती एकाकडं. टोचली की म्हस लगीच पान्हा सोडती. आजची येळ भागवा."

"नगं."

"आवो, कोण बघतंय?"

"ती बघती की," शालन चांदणीकडं बघून म्हणाली. "एकदा फसवली तेवढी बास."

रस्त्यापलीकडं उभा असलेला धैर्यशील आता जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट अवघडून गेला होता.

"आई, चल घरला. लोक बघायल्यात."

"बघू देत."

"ती न्हाय देणार आता. तूच म्हणालीस दुपारी."

"म्हणलो की. पर अजून उठलो न्हाय मी."

तो तसाच उभा राहिला. शालनही तशीच बसून राहिली. गुडघे दुखत होते. समोर चांदणीचा पाय होता, खुरावर वाळलेला चिखल होता. आजूबाजूला चार म्हशींच्या धारा वाजत होत्या आणि तिच्या मांडीवर रिकामा ग्लास. तिला वाटलं, आपण इथून उठलो की ही जागा परत भिंत होईल. कुणी विचारणार नाही, इथं एक बाई बसायची ती कुठं गेली. लिफ्टनं वर जायचं, लिफ्टनं खाली यायचं. आणि मोगऱ्याचा वास.

मुक्यानं लावलेला हात चोराचा वाटतोय.

तिनं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. एक अडकली, ती ओढून काढली. डोक्याचा टॉवेल सोडला. दोन्ही गोळा करून मुलासमोर धरले.

"धर."

धैर्यशीलनं ते हातात घेतले. बापाचा सदरा त्यानं मर्तिकानंतर पहिल्यांदाच धरला होता. घडी घालावी की तसाच धरावा, हे त्याला समजेना. त्यानं तो छातीशी घेतला.

शालनच्या उघड्या हातांना वारा लागला. इतके महिने कट्ट्यावर बसूनही आपण पहिल्यांदाच इथं आल्यासारखं तिला झालं. बादलीतल्या पाण्यानं तिनं हात धुतले, पदरानं पुसले, पदर खोचला. मग चांदणीच्या पोटाला कपाळ टेकलं. आत काहीतरी संथपणे हलत होतं, धपापत होतं.

"मी शालन," ती म्हणाली.

स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून ऐकायला तिला विचित्र वाटलं. आई गेल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारलीच नव्हती. वैनी होती, मावशी होती, आई होती. नाव कोडोलीतच राहिलं होतं.

"मी शालन. कोडोलीची. तुझी पेंड मी कालवतो, तुझं शेण मी काढतो. इतके दिस त्यांच्या सदऱ्यात तुझ्याखाली बसत हुती, ती बी मीच."

चांदणीचा कान मागं वळला.

शालननं घसा साफ केला. आवाज नीट निघेना. वापरात नसलेल्या विहिरीतून पहिली बादली काढावी तसा गढूळ, गंज लागलेला निघाला.

सांज झाली गोठ्यामंदी, म्हस बघती वाटंला...

एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. पलीकडं कुणीतरी "काय गायल्यात बघ" म्हणून हसलं. उदयसिंहानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं ते हसणं बंद झालं. शालन थांबली नाही. ओळ संपली की परत पहिल्यापासून. तिसऱ्या की चौथ्या वेळेला आवाज निवळला, आणि त्यात आईचा आवाज कुठला आणि आपला कुठला हे तिलाच सांगता आलं नसतं.

चांदणीनं रवंथ थांबवला. एक मोठा उसासा टाकला. शालनच्या बोटांखाली सड ऊबदार व्हायला लागले. आधी एक, मग दुसरा. वरून काहीतरी सावकाश उतरत होतं, सड भरत होते, ताठ होत होते.

"वैनी," उदयसिंह हळूच म्हणाला, "सोडला पान्हा. काढा धार."

सदरा छातीशी धरून धैर्यशील दोन पावलं पुढं आला. गिऱ्हाईक पोरगं परत येऊन ग्लास घेऊन उभं राहिलं. सगळ्यांना वाटलं, आता ती काढेल.

शालननं हात तसाच ठेवला. दूध आलं होतं, पण त्याच्या बदल्यात द्यायचं ते तिच्याकडं राहिलं होतं. दिवाळीपासून तिनं ते जिभेखाली धरून ठेवलं होतं, कुणाजवळ सोडलं नव्हतं. कट्ट्यावर नाही, फोनवर नाही, रिकाम्या घरातही नाही. तिनं चांदणीच्या पोटावर गाल ठेवला.

"मालक गावाला न्हाई गेलं गं," ती म्हणाली. "मालक वारलं."