चौथ्या मिनिटाचं कबूतर

मी व्यायाम करणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणाचा गैरसमज नको. पाउच भरायच्या मशीनी बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, ही माझी नोकरी. महिन्यातले अठरा-वीस दिवस बाहेर. आज इंदूर, उद्या रुद्रपूर, परवा बद्दी. हॉटेलचा फुकटचा नाश्ता दाबून हाणायचा आणि कारखान्यात जाऊन उभं राहायचं, एवढीच काय ती अंगमेहनत. पोट सुटलं होतं. माझी बायको संघप्रिया ते बोलूनही दाखवायची, आणि मी हसून सोडून द्यायचो.

ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला.

बाबा चावीवाले होते. पाणी खात्यात, इथेच मीरा-भाईंदरला. रस्त्याच्या मधलं लोखंडी झाकण काढायचं, माणसाच्या छातीला लागेल एवढी लांब चावी आत घालायची आणि व्हॉल्व फिरवायचा. तो फिरला की त्या भागातल्या बिल्डिंगींना पाणी. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं. उजवा दंड असा होता की लहानपणी मी त्याला लोंबकळायचो आणि ते मला तसंच उचलून चाळीभर फिरवायचे. झटक्यानं नेमका तोच हात गेला. पाय हळूहळू सावरला, जीभ थोडी जड राहिली, पण हात मांडीवर पडला तो पडलाच.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, पहिले सहा महिने सोन्याचे समजा. हातात जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यातच येईल, आणि ते व्यायामानंच येईल. रोज, न चुकता.

बाबांना तो हात एकाच गोष्टीसाठी हवा होता. आमच्या घरी रोज सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना व्हायची. बाबा पुढे म्हणायचे, आम्ही मागून. झटक्यानंतर ती बंद पडली. संघप्रिया म्हणाली, बाबा, खुर्चीत बसूनच म्हणा, काय बिघडतंय? तर म्हणाले, "एका हातानं वंदना न्हाई होत." जालन्याहून येऊन चाळीस वर्षं झाली तरी त्यांची बोली तशीच आहे आणि हट्टही तसाच. पाच फेब्रुवारीला आईचा स्मृतिदिन. त्या दिवशी दोन्ही हात जोडून वंदना घेईन, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. तोवर घरात त्रिशरण नाही. आम्ही मनातल्या मनात म्हणायचं.

एवढी हौस, तर व्यायाम करावा ना माणसानं? छे! हेमाली नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. गोड मुलगी. "अंकल, थोडा और ऊपर, बहोत सरस!" ती होती तेवढा वेळ बाबा तोंड वाकडं करून करायचे आणि ती गेली की हात पुन्हा मांडीवर. एक दिवस मी आवाज चढवला. आजारी माणसावर चढवला, हो. ते शांतपणे म्हणाले, "म्या एकटा येड्यावानी हात हालवत बसणार न्हाई. लोक्या, तू कर माझ्यासमोर, मंग मी करतो."

झालं. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्यामागे व्यायाम लागला.

महिनाभर रजा होती तोवर बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आम्ही समोरासमोर करायचो. सप्टेंबरात दौरे सुरू झाले, तेव्हा ठरलं की सकाळी साडेसहाला मी व्हिडिओ कॉल करायचा. गाव कुठलंही असो. हॉटेलच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवायचा, फोन चहाच्या किटलीला टेकवायचा आणि सुरू. खांदे, कोपरं, बोटं. मग टॉवेल दोन्ही हातांत धरून वर. मग मी जागच्या जागी धावायचो आणि ते बसल्या बसल्या पाय आपटायचे. माझ्या हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, त्यांच्या हातात रिकामी. शेवटी दोन्ही हात जोडून जय भीम. म्हणजे मी जोडायचो, ते डाव्या हातानं उजवा उचलून बघायचे, आणि मी म्हणायचो, "छान बाबा, अजून थोडं वर." अठरा मिनिटं. रुद्रपूरला खालच्या खोलीतल्या गिऱ्हाइकानं तक्रार केली की ऊपर कोई कूद रहा है. मॅनेजर दार वाजवायला आला. मी त्याला फोनमधले बाबा दाखवले. तो गडी दारातच नमस्कार करून परत गेला.

खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. पट्टा दोन भोकं आत गेला म्हणून नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा बाबा आणि मी रोज एकमेकांचं तोंड बघत होतो. नोव्हेंबरात त्यांची बोटं मिटायला लागली. एका सकाळी रिकामी बाटली त्यांनी चार सेकंद धरली आणि मी तिकडे इंदूरला एकटाच ओरडलो. त्याच दिवशी हेमालीनं निरोप दिला, दुसऱ्या एका अंकलना दाखवायचं आहे, सगळा व्यायाम एकदा शूट करून पाठवाल का? मी तिथल्या खोलीत, मागे बाल्कनी ठेवून, अठरा मिनिटं सलग शूट केलं. सवयीनं मध्ये मध्ये "छान बाबा" म्हणत गेलो. शेवटी हात जोडले, "अजून थोडं वर" म्हणालो, वाकलो, फोन बंद केला.

तोच व्हिडिओ माझ्या मुळावर आला.

जानेवारी लागताच बद्दीला मोठं काम निघालं. मशीन दिवसा बंद ठेवता येत नव्हती, म्हणून रात्रपाळी. पहिल्याच दिवशी सकाळी सहा वाजता मी कारखान्यात अडकलेलो, फोनला रेंज नाही. गेटवर जाऊन कसाबसा तो व्हिडिओ बाबांच्या फोनवर पाठवला आणि संघप्रियाला म्हटलं, आज हा लाव, त्यांना काही सांगू नको.

"अहो, मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "फोन समोर ठेवीन. ते काय समजायचं ते समजतील."

"काही विचारलं त्यांनी?" मी नंतर फोन केला.

"नाही. केला सगळा व्यायाम. निमूट."

बस, मला रान मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी रेंज होती. पण मी पाच वाजता पाळीवरून आलेलो, डोळे चुरचुरत होते, थंडी मरणाची. म्हटलं, आजच्या दिवस. मग तिसऱ्या दिवशी तसंच. मशीन सुरू झाली, रात्रपाळी संपली, तरी व्हिडिओ चालूच. नंतर नंतर संघप्रियाला सांगावंही लागेना. मी ब्लँकेट ओढून बद्दीत घोरत पडलेलो असायचो आणि तिकडे मीच बाबांचा व्यायाम घेत असायचो. तिनं दोनदा टोकलं. मी दोन्ही वेळा तिच्यावरच खेकसलो की तुला काय कळतं इथे काय हाल आहेत. कुठले हाल! झोप काढत होतो मी. अकरा सकाळी अशा गेल्या.

बाराव्या सकाळी मी आठला उठलो, किटलीत चहा केला आणि फोन बघितला. संघप्रियाचा मेसेज नव्हता, नुसता व्हिडिओ होता. दोन मिनिटांचा. तिनं तिच्या फोनवर बाबांना बाजूनं शूट केलं होतं.

बाबा खुर्चीत. समोर स्टीलच्या डब्याला टेकवलेला त्यांचा फोन, त्यात मी. फोनमधला मी म्हणतोय, "आता दोन्ही हात जोडा, बाबा." बाबांनी डावा हात उचलला. तो उजव्याकडे गेलाच नाही, छातीशी थांबून राहिला. आणि उजवा, आपला आपण, मांडीवरून उठला. थरथरत, मध्येच थांबत, पोटापर्यंत, मग बरगडीपर्यंत. मागे संघप्रियाचा श्वास ऐकू येतोय. बोटं पुरती सरळ नव्हती, पण तो हात डाव्याला जाऊन लागला. पाच महिन्यांनी दोन्ही हात जुळले. बाबा फोनकडे बघून, अगदी स्वच्छ, म्हणाले, "जय भीम, लोक्या."

आणि मी म्हणालो, "छान बाबा, अजून थोडं वर."

त्यांनी प्रयत्न केला हो. जुळलेले हात तसेच हनुवटीपर्यंत न्यायला बघितले. कपाळावरची शीर फुगली. तेवढ्यात फोनमधला मी पुढे वाकलो आणि पडदा काळा झाला. बाबा हात जोडून त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि हात खाली घेतले.

मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. चहा तसाच टाकला, बॅग भरली आणि साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अरे, ट्रायल बाकी आहे, उद्या निघ. मी म्हटलं, ट्रायल इथला माणूस घेईल, मी निघालो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी साहेबांचा फोन आधी ठेवला. घरी पोचलो तोवर बाबा गोळ्या घेऊन झोपले होते. संघप्रियानं दार उघडलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी साडेसहाला मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. बनियन, हाफ पँट, हातात टॉवेल. बाबांनी मला नीट न्याहाळलं. मग मान वाकडी करून माझ्या मागच्या खिडकीकडे बघितलं.

"कबूतर कुठंय?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. "कुठलं कबूतर, बाबा?"

"चौथ्या मिनटाला येतं ते. तुझ्या मागं कठड्यावर बसतं. दोनदा मान हालवतं अन् उडून जातं. रोज."

मी तो व्हिडिओ परत कधी बघितलाच नव्हता. शूट करताना माझी पाठ बाल्कनीकडे.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिशी. पहिल्या दिशी वाटलं, आलं असंल एखादं."

"मग बोलला का नाहीत? बाबा, मला शिव्या घालायच्या होत्या! फोन फेकून द्यायचा होता!" मी ओरडत होतो.

"रातपाळी म्या बी केलीय लेका," बाबा म्हणाले. "म्हटलं, दमला असंल पोरगा. झोपू द्यावं."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडलो. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण रडलो. बाबांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाले, "ऊठ. येळ चाललाय."

आम्ही सगळं केलं. खांदे, कोपरं, बोटं, टॉवेल, बाटल्या. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी मी म्हणालो, "आता दोन्ही हात जोडा, बाबा," आणि बघत राहिलो. संघप्रिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उजवा हात हलला. मांडीवरून सुटला, पोटापर्यंत आला आणि तिथेच अडला. बाबांनी दात आवळले. पुन्हा. पुन्हा. घामानं कपाळ ओलं झालं, पण हात त्याच्या वर येईना. शेवटी तो घसरून मांडीवर पडला.

"काल आला व्हता," बाबा म्हणाले. मी आपल्याला खोटं समजेन की काय, अशी त्यांना भीती वाटली असावी.

"मी बघितलं ना, बाबा. बघितलं मी."

"तू न्हाई बघितलंस," ते म्हणाले. रागानं नाही, जे होतं ते सांगितल्यासारखं. "सूनबाईनं बघितलं."

संघप्रिया पुढे आली आणि त्यांचं कपाळ पुसून दिलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते तिथेच होते. मी हळूच म्हटलं, बाबा, पाच तारखेला अजून तीन आठवडे आहेत. त्यांनी मान हलवली.

"उद्या हाईस?"

"आहे."

"परवा?"

खिशातला फोन मला जड लागायला लागला. साहेबांनी रात्रीच तिकीट पाठवलं होतं. "परवा होसूरला जायचंय," मी म्हणालो. "पण साडेसहाला फोन करीन, बाबा. शपथेवर सांगतो."

"शपथ नको घेऊ. जमलं तर कर." बाबांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला. "न्हाई जमलं तर म्या माझा एकटा करीन. पण ते कबूतर पाठवू नको."