फोटोसाठी बुटकी केलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, घडीची. माझी बैठक म्हणजे एक फळी. ती उचलली की मी मिटते, सोडली की ती फटकन खाली येते. खुर्चीला मत नसतं असं म्हणतात. माझ्यावर बसणाऱ्यांनाच इतकी मतं होती, की मी माझं वेगळं बाळगलं नाही.

सुताराने मला एका दुपारी बनवलं आणि 'हिला काही होत नाही' असं म्हणून एका संस्थेच्या कार्यालयात आणून टाकलं. कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांसाठी ही संस्था झगडायची. दोन खोल्या, तीन कपाटं आणि कपांचे गोल डाग पडलेलं एक टेबल. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. कामगारांचे फोटो काढून त्यांच्या गोष्टींची पत्रकं करणारा तो फोटोवाला.

माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एकच, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्यासाठी एके दिवशी त्याने माझे चारही पाय चार-चार इंच कापून घेतले. बसणारा लहानखुरा दिसावा, त्याने मान वर करून बघावं, एवढ्यासाठी. मला दुखलं नाही, पण वाईट वाटलं, हे सांगून टाकते. त्यानंतर धडधाकट गवंडी बसला तरी बिचारा दिसायचा. पत्रकांची वाहवा झाली आणि मलाही सगळे 'लकी खुर्ची' म्हणू लागले.

मग एक कामगार बाई आली, दोघी बहिणींतली थोरली. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसमध्ये तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. ती तासभर बोलली. हात आत असेल तर प्रेस खाली येऊ न देणारी एक जाळी पुढे असते. काम भराभर व्हावं म्हणून ती काढून ठेवली होती. थोरलीने मुकादमाला तीनदा सांगितलं, तो तिन्ही वेळा 'बघू' म्हणाला. आणि आता तिच्या जागेवर तिची धाकटी बहीण बसत होती. बोलताना मुकादमाची नक्कल करून थोरली हसलीही. फोटोवाल्याने ते हसू वगळलं, जाळी वगळली आणि धाकटीलाही वगळलं. पत्रकात उरला तो हात आणि खाली घातलेली मान.

पत्रक गाजलं. महिन्याभरात जुन्या कपड्यांची नऊ गाठोडी आली. एका भल्या गृहस्थांनी लोकरीचे हातमोजे पाठवले. जाळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा, कोणाला ठाऊकच नव्हतं.

थोरली पत्रक हातात घेऊनच कार्यालयात आली. "यात जाळी कुठंय?"

"अहो, जाळीबिळी कोण वाचतंय?" फोटोवाला म्हणाला. "लोकांचं काळीज हललं ना?"

"हललं की. गाठोडी आली. दादा, माझी धाकटी रोज त्याच प्रेसमध्ये हात घालते. तिला स्वेटर नको, जाळी पाहिजे."

मोठ्या बाईंनी पत्रक तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "चुकलं आमचं. पुढच्या आठवड्यात मालक आणि सरकारी तपासनीस सभेला येतायत. तूच सांग. तुला हवं तसं सांग."

सभेत थोरलीने मला उचलून सगळ्यांपुढे टेबलावर ठेवलं. माझी फळी वर धरून म्हणाली, "हा प्रेस. मालक, जरा पुढं या. बोट नका घालू, पेन्सिल घाला." लोक हसले. मालकांनी फळीखाली चौकटीवर पेन्सिल ठेवली. तिने डाव्या हाताने फळी दाणकन आपटली. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले आणि हसणं थांबलं.

मग तिने एक लाकडी पट्टी मध्ये आडवी अडकवली. "आता तुम्ही पाडा." मालकांनी जोर लावला, पण फळी काही पडेना.

"ही जाळी. एवढीच. अकरा प्रेस आहेत, अकरा जाळ्या तुमच्याच गोदामात पडल्यात. सोमवारपर्यंत बसवा. माझी बहीण सातव्यावर बसते."

मालकांच्या आधी तपासनीसच बोलले, "सोमवारी मी येतो."

मालकांच्या त्या जोराने माझी बिजागरी वाकली, ती कायमचीच. पण सोमवारी संध्याकाळी धाकटी धापा टाकत कार्यालयात आली.

"बसली?" थोरलीने विचारलं.

"बसली. काम हळू होतंय म्हणून मुकादम तोंड फुगवून बसलाय."

तेव्हा मात्र थोरली हमसून हमसून रडली. फोटोवाला समोरच होता. त्याने कॅमेरा उचलला नाही.

आता मी कोपऱ्यात आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, कागदांचे गठ्ठे ठेवतात. डागडुजी झाली तर बरं, नाही झाली तरी कुरकूर नाही. पण मित्रांनो, कधी दुसऱ्याची गोष्ट चार लोकांना सांगायला निघालात, तर ती सांभाळून न्या. यातून काय व्हायला हवं, हे आधी त्यालाच विचारा. छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवा, आणि तो 'हे राहिलं' म्हणाला तर मुकाट्याने लिहा. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण त्याच्या जागेवर आता दुसरं कोणीतरी बसलेलं असतं.